पाचव्या पावलावर अडलेले गुरुजी

पत्र

"परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या गावात राहतो. वय ५९. घरात चार पिढ्यांची भिक्षुकी. मोठा भाऊ आणि वहिनी एका अपघातात एकदमच गेले, तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी नऊ वर्षांची होती. आम्हाला मूलबाळ नाही, तिला आम्हीच वाढवलं. आज ती २९ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, स्वतःचा फ्लॅट घेतलाय. तिच्यासोबत एक मुलगी राहते, उदगीरकडची, लिंगायत घरातली. दिवाळीला आली तेव्हा पोरीने सगळं सांगितलं. दोघींना लग्न करायचंय. म्हणाली, 'काका, लग्न तुम्हीच लावायचं.' नंतर मेसेज पाठवला की दिवस पण तुम्हीच काढून द्या. मी कुणाचा द्वेष करणारा माणूस नाही. पण ज्या मंत्रांचा अर्थ मला कळतो ते मी तिथे कसे म्हणू? सप्तपदीत पाचव्या पावलाला 'प्रजाभ्यः', म्हणजे संततीसाठी, आलं की माझी जीभ अडेल. हा अधर्म आहे का? पोलीस येतील का? हिचं म्हणणं, गावात कळलं तर यजमान सुटतील, त्यापेक्षा त्र्यंबकला जाऊन पोरीची काहीतरी शांत करून घ्या. तीन आठवडे झाले, पोरीच्या मेसेजला उत्तर दिलेलं नाही. काय करावं?"

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एका जागी थांबले, आणि तुम्ही ज्याबद्दल विचारलंय ती जागा ही नव्हेच. "उदगीरकडची, लिंगायत घरातली" एवढं लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. त्यावर प्रश्न नाही, उसासा नाही. मी अंबाजोगाईला कॉलेजात होते तेव्हा आमच्या बोळातल्या एका देशस्थ मुलाने लिंगायत मुलीशी लग्न ठरवलं. गावातल्या एकाही गुरुजींनी पंचांग उघडलं नाही. मुलीकडून जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, तेही आले नाहीत. शेवटी दोघांनी मुकुंदराजांच्या समाधीपाशी जाऊन एकमेकांना हार घातले. मुलाच्या वडिलांनी त्याच्या नावाने आंघोळ केली, आणि हे मी म्हण म्हणून सांगत नाही, भरदुपारी विहिरीवर जाऊन केली.

नकार देणाऱ्या त्या गुरुजींपैकी एक माझे वडील होते. वाईट माणूस नव्हता. त्यांचंही वाक्य जवळजवळ तुमचंच होतं: "मला मंत्राचा अर्थ कळतो, मी असवर्णाला कसा म्हणू?" त्यांच्या लेखी तो शंभर टक्के धर्माचा प्रश्न होता. आज तो तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीत मावला. यावरून मी काही सिद्ध करत नाही, गुरुजी. फक्त तुमच्याच पत्रातली ती अर्धी ओळ तुम्हाला परत दाखवते. बाकीचं बोलताना ती जवळ असू द्या.

आधी पोलिसांची भीती काढून टाकू, कारण त्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ६ सप्टेंबर २०१८ ला एकमताने सांगितलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं ते ३७७ कलम उरलेलंच नाही. लग्नाचा खोटा विधी करण्याबद्दल संहितेत ८३ वं कलम आहे, पण ते फसवणुकीसाठी आहे: लग्न कायदेशीर नाही हे ठाऊक असून अप्रामाणिक हेतूने विधी उरकला तर. इथे दोघींनाही ठाऊक आहे की कायदा या लग्नाला लग्न म्हणत नाही. कोण कुणाला फसवतंय?

तुमच्या धंद्यात पोलीस येण्याची खरी जागा वेगळी आहे आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दसऱ्याच्या सुमाराला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, जुळवायचा म्हणून सोळा वर्षांच्या पोरीला घाईने उजवतात. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ सालचा. त्याच्या दहाव्या कलमाखाली तसं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तिथे अक्षता टाकताना किती जणांची जीभ पाचव्या पावलाला अडते? तुम्ही तसली लग्नं लावता असं मी म्हणत नाही. पण आपल्या भागातल्या कुठल्याही गुरुजींना हा प्रश्न विचारून बघा, ते आधी खाली बघतील.

आता कायदा काय देत नाही ते. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लग्न करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना बसवणं हे न्यायालयाचं काम नाही, ते संसदेचं. यावर पाचही न्यायाधीश एक होते. अशा जोडप्यांच्या नात्याला लग्नाखेरीज काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र दोन विरुद्ध तीन अशी फूट पडली आणि तिघांचं मत ठरलं. फेरविचाराच्या याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. म्हणजे तुम्ही सातही पावलं चालवलीत तरी नगरपालिकेच्या वहीत दोघी अविवाहितच. त्यामुळे एक पथ्य पाळा: विवाह नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, तसला कुठलाही कागद, दाखला, लेटरहेडवरची चिठ्ठी देऊ नका. त्याचा तिला उपयोग नाही आणि तुम्हाला उगाच ताप.

त्या खटल्यात केंद्र सरकारने विरोध केला, जमियत उलेमा-ए-हिंदनेही केला. दोघांच्या म्हणण्याचा गाभा असा की विवाह स्त्री-पुरुषाचाच आणि आमच्या धर्मपरंपरा तेच सांगतात. एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी इथे एका बाजूला आली, याची मला गंमत वाटते. पण एक गोष्ट बातम्यांच्या गदारोळात हरवली. सुनावणीच्या सुरुवातीलाच न्यायालयाने सांगितलं होतं की आम्ही व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नाही, फक्त विशेष विवाह कायदा बघू. हिंदू विवाह कायदा, निकाह, चर्च यांना कुणी हात लावलाच नाही. "उद्या आम्हाला जबरदस्तीने असली लग्नं लावायला लावतील" असं व्हॉट्सअपवर जे फिरतं ते यासाठी सांगते. इंग्लंडने २०१३ साली असा कायदा केला, तेव्हाही चर्चच्या कुठल्या धर्मगुरूवर सक्ती होणार नाही याची तजवीज त्या कायद्यातच करून ठेवली. उद्या आपल्या संसदेने काही केलंच तर तुम्हाला नाही म्हणण्याची मुभा मागणाऱ्यांत मीही असेन. मनात नसलेला मंत्र माणसाकडून वदवून घेणं मला पटत नाही, मग तो कुणाच्याही भल्यासाठी असो.

तर अधर्म. मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. त्यामुळे मी तुम्हाला खजुराहोची शिल्पं दाखवून "बघा, आपल्याकडे सगळं चालायचं" असं सांगणार नाही. पुण्या-मुंबईकडचे लोक हे फार सहज सांगतात. देवळावरचं शिल्प आणि गृह्यसूत्र यांतला फरक तुम्हाला कळतो. धर्मशास्त्रात दोन स्त्रियांच्या विवाहाचा विधी नाही. मनुस्मृतीत आठ प्रकारचे विवाह आहेत, अगदी राक्षस आणि पैशाचसुद्धा, पण त्यात हा नाही. उलट आठव्या अध्यायात एका कन्येने दुसरीशी असा संबंध केला तर दोनशे पण (जुनी नाणी) दंड, दुप्पट शुल्क आणि दहा फटके लिहिलेत. हे आहे ते आहे. त्याच अध्यायात वर्ण पाहून शिक्षा कमी-जास्त करणारी किती कलमं आहेत हेही आहे ते आहे, आणि त्यांतलं एकही तुम्ही आयुष्यात पाळलेलं नाही.

तुमच्या कपाटात निर्णयसिंधू, धर्मशास्त्राचा तो ग्रंथ, असणारच. १६१२ साली तो लिहिणारे कमलाकरभट्ट काशीचे, पण घराणं मूळचं पैठणचं, म्हणजे तुमच्याच गोदाकाठचं. त्यातलं कलिवर्ज्य प्रकरण एकदा पुन्हा काढा. शास्त्रानेच एके काळी सांगितलेल्या, पण कलियुगात सोडून द्याव्यात अशा गोष्टींची यादी. म्हणजे काळ बदलला की आचार बदलतो, हे सुधारकांनी बाहेरून आणलेलं खूळ नाही, ते शास्त्र्यांनीच मांडून ठेवलंय. अर्थात त्या यादीलाही भुलू नका. नियोग त्यात वर्ज्य आहे, ठीक. समुद्रपर्यटनही वर्ज्य आहे, आणि तुमच्या यजमानांची निम्मी पोरं अमेरिकेत आहेत, त्यांना तुम्ही मोबाइल उभा करून सत्यनारायण सांगता. असवर्ण कन्येशी विवाहही त्याच यादीत वर्ज्य आहे. माझ्या वडिलांनी बोट ठेवलं होतं ते तिथेच.

आणि त्यांच्याही आधी, १९३३ साली, पुण्यात एका शास्त्र्याने त्याच्या नेमकं उलट केलं होतं. राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी आणि गांधीजींचा मुलगा देवदास यांचं लग्न. मुलगी ब्राह्मण, मुलगा वैश्य, म्हणजे शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम, सगळ्यांत निषिद्ध प्रकार. पौरोहित्य केलं वाईच्या प्राज्ञपाठशाळेतल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी. त्यांना शास्त्र कमी कळत होतं असं कुणी म्हणू शकेल का? मला त्यांच्याबद्दल वाटतं ते एवढंच, की शास्त्र नीट माहीत असलेल्या माणसालाच ते कुठे थांबतं हेही दिसतं.

तुम्ही लगेच म्हणाल, तिथे निदान वर आणि वधू होते. बरोबर. तो फरक मी पुसत नाही. ज्याला विवाह हा संस्कार वाटतो, प्रजेसाठी आणि पितृऋण फेडण्यासाठी केलेला, त्याला ही अडचण खरीच येणार, आणि तुम्हाला मागासलेला म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण पाचव्या पावलाचं तेवढं मला सांगा. तुमच्या पंचक्रोशीत साठीला टेकलेल्या विधुराचं पन्नाशीच्या बाईशी लग्न लागतं तेव्हा 'प्रजाभ्यः' तुम्ही गाळता का? तुम्हाला स्वतःला मूल झालं नाही. म्हणून तुमच्या आणि काकूंच्या लग्नातलं पाचवं पाऊल खोटं पडलं? बोचरं विचारतेय हे मला कळतंय. पण उत्तर तुमच्याच घरात आहे: मूल तुमच्या दारात आलं ते नऊ वर्षांचं आणि रडत. त्या पाचव्या पावलाचा अर्थ तुमच्या आयुष्याने असा लावला. तो अर्थ लावायला तुम्ही कुठल्या सभेची परवानगी मागितली नव्हती.

सभेवरून आठवलं. पैठणला गेलेल्या विठ्ठलपंतांच्या लेकरांची गोष्ट तुम्ही कीर्तनात शंभर वेळा ऐकली असेल. संन्यास घेतलेला माणूस गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आला, म्हणून शास्त्राने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, नवरा-बायकोने ते घेतलं, आणि तरीही चार पोरं शुद्धिपत्रासाठी दारोदार फिरत राहिली. नाथषष्ठीला पैठणात जाते तेव्हा मला रेड्याच्या चमत्कारापेक्षा त्या मधल्या दिवसांचाच विचार येतो. वेद येणाऱ्या एवढ्या माणसांच्या गावात "पोरं जेवली का" असं आधी कुणी विचारलं असेल का? तुमच्या पुतणीची ज्ञानोबांशी तुलना मी करत नाही, कुणाचीच करू नये. गोष्ट निघाली ती आई-बाप नसलेल्या लेकरावरून. तुमच्या पुतणीला जगात लग्नाला बोलवावं असं वडीलधारं माणूस एकच आहे, आणि ते तीन आठवडे गप्प आहे.

इथून पुढचं माझं सांगणं सरळ आहे. मंत्र म्हणायचे की नाही हा निर्णय तुमचा, आणि तो कुठलाही घेतलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. जायचं की नाही हा मात्र प्रश्नच नाही. जायचं.

तिने विचारलंय की "लग्न तुम्हीच लावायचं". यातलं तिला काय हवंय ते तुम्ही तिला विचारलंय का? कदाचित तिला सगळा विधी हवा असेल, होमापासून. तसं असेल आणि तुमची जीभ खरंच अडत असेल, तर तिला तसंच सांगा: "बाई, एवढं माझ्याच्याने होत नाही." पुण्यात बायकासुद्धा पौरोहित्य करतात, तिला दुसरं कुणी मिळेल. पण मला वाटतं, तिला काका हवेत आणि काका कसे मागायचे हे न कळल्यामुळे तिने गुरुजी मागितलेत. लहानपणापासून तिने तुम्हाला दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं लावतानाच पाहिलंय.

शिवाय मधली वाट तुमच्याच हातात आहे, कारण विधीचे तुकडे तुम्ही ओळखता. गणपतिपूजन, पुण्याहवाचन, शांतिपाठ, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद, यांना वर-वधू लागत नाहीत. मंगलाष्टकं म्हणजे काही वेदमंत्र नव्हेत. आपल्याकडे मामा, मावशी, हौशी शेजारी कुणीही माइक ओढून ती म्हणतो, चालीचं वाटोळं करून. कन्यादान करूच नका. आजकाल बऱ्याच मुलींना ते नको असतं, आणि इथे दान घेणारा तरी कोण? सप्तपदी ठेवायची तर पाचव्या पावलाला काय म्हणायचं हे तुम्ही तिघं बसून ठरवा, किंवा तेवढं पाऊल मुकाट्याने चाला. ज्या लग्नात १२ वाजून ३६ मिनिटांचा मुहूर्त पत्रिकेत छापून नवरदेव मारुतीच्या देवळापासून डीजेपुढे नाचत दोन वाजता मांडवात येतो आणि तरीही तुम्ही "सुमुहूर्त सावधान" म्हणता, तिथे एवढी लवचीकता तुम्हाला नवी नाही.

गुरुजींचा एक शब्द काय करतो ते मला माहीत आहे म्हणून एवढं लिहितेय. वडील गेल्यावर वर्षभरात धाकट्या भावाचं लग्न निघालं. हळदीच्या वेळी आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. तिला कुणी "येऊ नको" म्हणालं नव्हतं. तसं म्हणावं लागतच नाही. लग्नाला सेलूकडचे एक तरुण गुरुजी आले होते. त्यांनी ताट हातात घेतलं, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुलाची आई कुठंय? पहिली हळद तिची." कुठला श्लोक नाही, भाषण नाही. आत्या फणकारल्या, पण गुरुजींनीच सांगितल्यावर बोलायचं काय. आईचा हात किती थरथरत होता ते मला आजही दिसतं. ती आज नाही. ते गुरुजी कोण, कुठले, नंतर कधी भेटले नाहीत.

माझे वडील, ज्यांनी पंचांग उघडलं नव्हतं, ते त्या बोळातल्या जोडप्याच्या पहिल्या मुलीच्या बारशाला न बोलावता गेले. कोपऱ्यात बसले, घुगऱ्या खाल्ल्या, बाळाच्या हातात पाच रुपये ठेवले आणि परत आले. त्यावर घरात एक अक्षर बोलले नाहीत. लग्नाला गेले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं का, हे विचारायचं राहून गेलं.

आता काकूंचं. त्र्यंबकची शांत कशासाठी? हा आजार असता तर मी म्हटलं असतं डॉक्टरकडे न्या. पण जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच आजारांच्या यादीतून हे काढलं. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली तेच सांगितलं. आणि "बरं करून देतो" म्हणून असले उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ठरवून दिलं. डॉक्टरला जे करायला बंदी, ते नागबळीकडून कसं होणार? काकूंना रागावू नका मात्र. त्या घाबरल्यात, आणि घाबरलेली बाई जे हाताशी असतं ते धरते. पोरीसाठी स्थळं बघत असतील तर तेवढं आजच्या आज थांबवायला सांगा, कारण त्यात तिसऱ्याच घरच्या एका मुलाचं वाटोळं होतं. कुणाला दाखवायचंच असेल तर काकूंना पुण्याला न्या, चार दिवस त्या दोघींच्या घरी राहू द्या. सकाळी डबे भरायची घाई, हप्त्याची तारीख, गॅस संपला की कुणी बुक करायचा यावरून भांडण. काकूंना त्यात ओळखीचं बरंच सापडेल.

यजमान सुटतील का? एखाद-दुसरा सुटेल. खोटा धीर मी देणार नाही. तुमची चूल त्यावर आहे, तेव्हा गावात दवंडी पिटा असं सांगणं हा मूर्खपणा ठरेल. लग्न पुण्यात होऊ द्या. फोटो कुठे टाकायचे नाहीत हे पोरीला मोकळेपणाने सांगा, तिला ते कळेल. ती तुमच्याच गावात वाढलीय. कुणी विचारलं तर "पुण्यात आहे, घर घेतलंय, मैत्रिणीसोबत राहते, सुखात आहे" एवढं पुरे. यातलं काही खोटं नाही. पण "यजमान" आणि "धर्म" हे दोन हिशोब एका वहीत मांडू नका. पत्रात तुम्ही आधी अधर्माचं विचारलं, मग पोलिसांचं, आणि शेवटी काकूंच्या तोंडून यजमानांचं. रात्री झोप लागत नाही तेव्हा यांतलं पहिलं कुठलं आठवतं, ते तुमचं तुम्ही पाहा. मला कळवायची गरज नाही.

एक व्यवहाराची गोष्ट, आणि माझ्या मते ती मंत्रांपेक्षा तातडीची. तो फ्लॅट. हप्ते बहुधा दोघी मिळून भरत असतील. देव न करो, पण उद्या पोरीला काही झालं तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, नवरा-मूल नाही, आई-वडील नाहीत, म्हणून तो फ्लॅट तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाईल. ती एकुलती एक, तुमचे आई-वडीलही हयात नसतील, तर ते वारस म्हणजे तुम्ही आणि तुमच्या बहिणी असल्या तर त्या. जिच्याबरोबर तिने ते घर उभं केलं तिला त्यातला चमचाही मिळणार नाही. कायदा तुम्हाला ते फुकट देईल, आणि तुम्हाला ते नकोसं होईल. तेव्हा तिला मृत्युपत्र करायला सांगा. साधा कागद चालतो, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेत नुसतं नॉमिनी लावून भागत नाही. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक वारसच. संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला मात्र अशा जोडप्यांना आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. एकाच रेशनकार्डावर नावं घेण्याबद्दलही केंद्राने राज्यांना कळवलंय.

आणि दवाखाना. रात्री दोनला पुण्याहून फोन येईल तेव्हा सही कुणाची, हा प्रश्न निघतो. डॉक्टर विचारतील, "नातेवाईक कोण?" तिथे अजून तुमचाच शब्द चालतो. तुम्ही सहा-सात तासांच्या वाटेवर, आणि ती उदगीरची मुलगी आयसीयूच्या दाराबाहेर. त्या वेळी तुम्ही फोनवर काय सांगाल, हे आत्ताच ठरवून ठेवा आणि दोघींना सांगून टाका. उदगीरच्या त्या आई-वडिलांना हे माहीत आहे का, तेही विचारा. नसेल तर तिच्या बाजूने उभं राहायला तुमच्याशिवाय कुणीच नाही, आणि मग मांडवात तुम्ही दोन मुलींचे काका.

तिने दिवस काढून मागितलाय ना? २९ वर्षांची, कंपनीत काम करणारी मुलगी, मोबाइलवर पंचांग बघू शकते. तरी तुम्हाला विचारतेय. तेवढं तर तुमच्या कुठल्याही शास्त्राच्या आड येत नाही. पंचांग काढा, अधिक महिना टाळा, तिच्या आई-वडिलांची तिथी टाळा, रविवारी येणारा एखादा दिवस बघा म्हणजे दोघींना रजा टाकावी लागणार नाही. मग मेसेज नको, फोनच करा. पहिलं वाक्य सुचलं नाही तर नुसती तारीख सांगा.